नभोवाणीचा मक्ता आणि श्रोत्यांचा हक्क

खासगी नभोवाणीचा विषय निघाला की अलीकडे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो इतक्या निश्चिंत आत्मविश्वासाने मांडला जातो की ऐकणाऱ्याला त्याची तपासणी करावीशीही वाटू नये. केंद्र ज्याच्या मालकीचे, त्यावरून काय ऐकवायचे ते त्यानेच ठरवावे. एखाद्या कंपनीने दहा गावची केंद्रे विकत घेतली, अभिजात संगीत बंद करून चित्रपटगीते सुरू केली, गावचा निवेदक घरी पाठवून राजधानीतल्या एकाच निवेदकाचा आवाज सर्व गावांना पुरवला, तर ज्याला ते रुचणार नाही त्याने दुसरे केंद्र लावावे, तक्रार करण्याचे कारण नाही. एकत्रीकरणाने खर्च वाचतो आणि खर्च वाचला की बुडती केंद्रे तरतात. शिवाय एकाच धन्याच्या हाती अनेक केंद्रे असली म्हणजे तो स्वतःशीच स्पर्धा करीत बसणार नाही, प्रत्येक केंद्रावरून निराळा प्रकार ऐकवील, आणि श्रोत्याची निवड उलट वाढेल. हा युक्तिवाद लबाडीचा आहे असे मी म्हणत नाही. त्यामागे अर्थशास्त्राचे पाठबळ आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडणारी माणसेही आहेत. परंतु ज्या देशात तो प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आला त्या अमेरिकेचे पाव शतकाहून अधिक काळाचे दप्तर आज सर्वांसमोर उघडे आहे, आणि ते या युक्तिवादाच्या विरुद्ध साक्ष देते असे माझे निश्चित मत आहे.

प्रथम मालकीच्या प्रश्नाचाच निवाडा केला पाहिजे, कारण बाकीचा सारा इमला त्यावर उभा आहे. नभोवाणी केंद्र चालवणाऱ्याच्या मालकीची इमारत असते, मनोरा असतो, प्रक्षेपणाची यंत्रसामग्री असते. परंतु ज्या लहरीवर त्याचा आवाज घरोघर पोहोचतो ती लहर त्याची नसते. ती त्याला सरकारने, म्हणजे अखेर लोकांनी, ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक शर्तींवर वापरायला दिलेली असते. गावच्या गायरानाचा मक्ता घेणाऱ्याला ज्याप्रमाणे त्या जमिनीवर वाटेल ते करण्याची मुभा नसते, त्याप्रमाणे या मक्तेदारालाही ती असू शकत नाही. ही काही समाजवादी मंडळींनी रचलेली कल्पना नव्हे. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्याने प्रसारणाचा परवाना लोकहित, लोकसोय आणि लोकांची गरज या कसोट्यांशी बांधून दिला. १९६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'रेड लायन' खटल्यात प्रसारकाच्या हक्काहून श्रोत्याचा आणि प्रेक्षकाचा हक्क वरचा ठरवला. आपल्याकडे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा विनियोग लोकांच्या हितासाठी, सार्वजनिक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली झाला पाहिजे असे निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा 'केंद्र माझे, मर्जी माझी' हे विधान व्यवहारात कितीही रूढ झालेले असो, कायद्याच्या पायावर ते उभे राहत नाही.

तरीही ते रूढ कसे झाले, हे समजून घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनसीएन या केंद्राची हकिकत पाहण्यासारखी आहे. हे केंद्र पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी नावाजलेले होते. १९७४ साली त्याच्या मालक कंपनीने तो संगीतप्रकार बंद करून रॉक संगीत सुरू केले. श्रोते बटन फिरवून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी संघ स्थापन केला, दरखास्ती केल्या, न्यायालय गाठले, आणि दुसऱ्याच वर्षी केंद्राची मालकी बदलून अभिजात संगीत परत आले. त्या काळी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाची भूमिका अशी होती की एखाद्या शहरातील एकमेव असा संगीतप्रकार नष्ट होत असेल आणि श्रोत्यांचा मोठा वर्ग हरकत घेत असेल, तर परवाना हस्तांतरित करण्यापूर्वी संघराज्य दळणवळण आयोगाने सुनावणी घेतली पाहिजे. शिकागो आणि अटलांटा येथील अभिजात संगीताच्या केंद्रांविषयी असेच खटले झाले होते. आयोगाला हे बंधन नको होते. कार्यक्रमांची विविधता बाजारच उत्तम रीतीने सांभाळतो असे त्याचे म्हणणे होते. अखेर १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने आयोगाचे म्हणणे उचलून धरले. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हेच 'रेड लायन' निकालाचेही लेखक होते. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी भिन्नमतपत्रिकेत बजावले की बाजार जेथे अपुरा पडेल तेथे आयोगाने निदान एक दार तरी उघडे ठेवायला हवे. ते दार बंद झाले. आणि डिसेंबर १९९३ मध्ये याच डब्ल्यूएनसीएनवरून अभिजात संगीत पुन्हा हद्दपार होऊन रॉक संगीत आले, तेव्हा ज्या श्रोत्यांनी एकदा आपले केंद्र परत मिळवले होते त्यांच्यापाशी सुनावणी मागण्याचेही साधन उरले नव्हते. त्यांची आवड बदलली नव्हती, त्यांचा हक्क मात्र काढून घेतला गेला होता.

यापुढची पायरी म्हणजे ८ फेब्रुवारी १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेला दूरसंचार कायदा. तोवर एका कंपनीला देशभरात एफएमची वीस आणि एएमची वीस, अशी फार तर चाळीस केंद्रे बाळगता येत असत. नव्या कायद्याने ही राष्ट्रीय मर्यादा समूळ काढून टाकली आणि मोठ्या शहरांत एका मालकाला आठ केंद्रांपर्यंत परवानगी दिली. पाच-सहा वर्षांतच टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील क्लिअर चॅनेल या कंपनीच्या हाती बाराशेहून अधिक केंद्रे आली. तिचे संस्थापक लोरी मेज यांनी २००३ साली 'फॉर्च्यून' मासिकाला स्पष्टच सांगितले होते की बातम्या देणे वा उत्तम संगीत निवडून ऐकवणे हा आपला व्यवसाय नसून जाहिरातदारांचा माल खपवणे हा आहे. त्यांच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ज्याला लोकहिताच्या शर्तीवर सार्वजनिक लहर दिली आहे त्याने असे सांगितल्यावर परवाना देणाऱ्याने ते ऐकून मुकाट बसावे, हे मात्र अक्षम्य आहे.

आता विविधतेच्या मुद्द्याकडे वळतो, कारण प्रतिपक्षाच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण तोच आहे. पीटर स्टायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ सालीच असे प्रतिपादन केले होते की अनेक स्पर्धक असले तर सगळेच लोकप्रिय प्रकाराच्या मागे धावतात, उलट सर्व केंद्रे एकाच्या हाती असतील तर तो ती निरनिराळ्या आवडींत वाटून देईल. पुढे २००१ साली स्टीव्हन बेरी आणि जोएल वाल्डफोगेल यांनी १९९६ नंतरच्या एकत्रीकरणाचा अभ्यास करून दाखवले की केंद्रांच्या संख्येच्या मानाने कार्यक्रमप्रकारांची विविधता वाढली. हे संशोधन गंभीर आहे आणि मी ते नाकारीत नाही. माझा आक्षेप त्यातील मापाविषयी आहे. या मोजणीत विविधता म्हणजे प्रकारांच्या नावांची विविधता. 'प्रौढांसाठी समकालीन', 'लोकप्रिय चाळीस', 'पर्यायी रॉक' अशी नावे निराळी असली तरी त्यांखाली वाजणारी गाणी किती निराळी असतात हे या मापाला दिसत नाही. २००२ साली 'फ्यूचर ऑफ म्युझिक कोअलिशन' या संस्थेने गाण्यांच्या याद्याच ताडून पाहिल्या, तेव्हा निराळ्या नावांच्या प्रकारांत तीच ती गाणी मोठ्या प्रमाणावर पुन्हा पुन्हा आढळली. आणि गाण्यांचा हिशेब घटकाभर बाजूला ठेवला तरी या मापात आणखी एक गोष्ट बसतच नाही: गावात कोण मेले, कोणत्या पुलावर पाणी आले, नगरसभेने काल रात्री कोणता ठराव केला, शाळेच्या संघाने सामना जिंकला की हरला, हे सांगणारा माणूस तेथे आहे की नाही. एका केंद्रावर लोकगीते आणि दुसऱ्यावर रॉक वाजत असेल, आणि दोन्हींचा आवाज दोन हजार मैलांवर आठवडाभर आधी ध्वनिमुद्रित होऊन येत असेल, तर अर्थशास्त्रज्ञाच्या वहीत विविधता दोन भरते. गावाच्या लेखी ती शून्य असते. बाहेरगावच्या निवेदकाने आगाऊ मुद्रित केलेली वाक्ये गाण्यांच्या मध्ये बसवून तो जणू गावातच बसला आहे असा भास निर्माण करण्याची ही रीत क्लिअर चॅनेलने सर्रास वापरली. श्रोत्याला शेजारचा माणूस म्हणून जो आवाज ऐकवला जातो तो शेजारचा नसतो, या गोष्टीला मी फसवणूकच म्हणतो, मग तिने पैसा कितीही वाचत असो.

या फसवणुकीची किंमत काय असते, हे नॉर्थ डकोटा राज्यातील मिनॉट या गावाने जाणले. वस्ती सुमारे छत्तीस हजारांची. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची एकशेबारा डब्यांची मालगाडी गावाच्या कडेला रुळांवरून घसरली. एकतीस डबे उलथले, त्यांतील अमोनियाच्या पाच टाक्या फुटल्या, आणि विषारी वायूचा ढग झोपलेल्या वस्तीवर पसरला. वीज गेली. अशा वेळी लोकांना सांगायचे होते ते एवढेच, की घराबाहेर पळू नका, दारेखिडक्या बंद करून आतच राहा. हे चार शब्द अंधारात, बॅटरीवरच्या रेडिओतून, एका वेळी साऱ्या गावाला सांगता येतील असे दुसरे साधन त्या रात्री नव्हते. मिनॉटमध्ये सहा व्यापारी नभोवाणी केंद्रे होती आणि ती सहाही क्लिअर चॅनेलच्या मालकीची होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, आणीबाणीसाठी नेमून दिलेल्या केंद्राला त्यांनी फोनवर फोन केले आणि ते उचलले गेले नाहीत. घाबरून रेडिओ लावणाऱ्या नागरिकांना नेहमीचे गाणे ऐकू येत होते. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना इजा पोहोचली.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. तिचे म्हणणे असे की केंद्रात त्या रात्री माणूस हजर होता, फोन नागरिकांच्या झुंबडीने अडले होते, आणि पोलिसांनी फोनवर विसंबण्याऐवजी आणीबाणीची स्वयंचलित सूचनायंत्रणा वापरायला हवी होती, जी त्यांना वापरता आली नाही. यातील यंत्रणेविषयीचा आरोप निराधार नव्हता. पोलिसांकडून कसूर झाली असे समजून चालू. तरीही प्रश्न शिल्लकच राहतो. सहा केंद्रांचे सहा मालक असते, किंवा तीन असते, तर सहा जागी सहा दरवाजे ठोठावता आले असते. एक फोन अडला तर दुसरा लागला असता. एखादा निवेदक वायूच्या वासाने स्वतःच जागा होऊन, कोणी सांगण्याची वाट न पाहता ध्वनिक्षेपकापाशी धावला असता. यंत्रणा बंद पडते, माणूस चुकतो, हे गृहीत धरूनच शहाणे लोक एकाच दोरावर सगळा भार टाकीत नाहीत. मिनॉटमध्ये तो एका दोरावर टाकला गेला होता, तो कायद्याने टाकू दिला होता, आणि दोर तुटल्यावर पोलिसांना दोष देणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. सिनेटर बायरन डॉर्गन यांनी हे प्रकरण सिनेटमध्ये मांडले. पुढच्याच वर्षी आयोगाने माध्यमांच्या मालकीवरील आणखी बंधने सैल करण्याचे ठरवले, तेव्हा लाखो नागरिकांनी लेखी हरकती नोंदवल्या, यामागे मिनॉटच्या त्या रात्रीचा वाटा मोठा होता.

एकत्रीकरणाने केंद्रे जगतात, या दाव्याचा निकाल तर खुद्द दिवाळखोरीच्या न्यायालयानेच लावला आहे. क्लिअर चॅनेल ही कंपनी २००८ साली बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली या गुंतवणूक संस्थांनी विकत घेतली, आणि ही खरेदी बहुतांशी कर्जाच्या पैशाने करून ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर ठेवले. २०१४ मध्ये तिचे नाव आयहार्टमीडिया झाले. मार्च २०१८ मध्ये सुमारे वीस अब्ज डॉलरच्या कर्जाखाली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी चारच महिने, नोव्हेंबर २०१७ मध्ये, दुसऱ्या क्रमांकाच्या क्युम्युलस कंपनीने तोच मार्ग धरला होता. केंद्रांच्या कारभारातून कंपनीला उत्पन्न होत होते. ते व्याजाच्या घशात जात होते. म्हणजे गावोगावचे निवेदक, वार्ताहर आणि संगीत-संयोजक यांना काढून जो पैसा वाचला, त्याने केंद्र वाचले नाही, सावकाराचा हप्ता भरला गेला. नव्या माध्यमांमुळे जाहिरातीचे उत्पन्न घटले हे खरेच आहे; परंतु त्या वादळाला सामोरे जायचे तर ज्या एका गोष्टीत नव्या माध्यमांना नभोवाणीची बरोबरी करता आली नसती, ती म्हणजे त्या गावचा जिवंत आवाज, तीच विकून टाकणे हा कोणता व्यवहार?

हा रोग अमेरिकेपुरता नाही. ब्रिटनमध्ये नियामक ऑफकॉमने २०१८ साली एफएम केंद्रांवरील स्थानिक कार्यक्रमांची कामाच्या दिवसातील किमान मर्यादा सात तासांवरून तीन तासांवर आणली. त्यानंतर ग्लोबल कंपनीने आपल्या केंद्रांवरील गावोगावचे सकाळचे कार्यक्रम मिटवून लंडनहून एकच कार्यक्रम सुरू केला. बाउअर कंपनीने अनेक छोटे समूह विकत घेऊन त्यांतील डझनावारी केंद्रांची नावे १ सप्टेंबर २०२० रोजी एकदम पुसली. सॉल्सबरीचे १९९२ पासूनचे स्पायर एफएम त्यांपैकीच. मार्च २०१८ मध्ये विषप्रयोगाने हादरलेल्या त्या शहराला अवघ्या अडीच वर्षांत आपल्या नावाचे केंद्र गमवावे लागले.

'आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, नभोवाणीची चिंता कशाला?' असे विचारणाऱ्यांना मी मुंबईच्या २६ जुलै २००५ या दिवसाची आठवण देतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि लाखो माणसे रस्त्यांवर अडकलेली असताना खिशातले फोन मुके झाले. एकाच वेळी सर्वांनी बोलू म्हटले की फोनचे मनोरे कोलमडतात. प्रसारणाचे तसे नाही. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, लहरीवर त्याचा भार पडत नाही.

हे सारे महाराष्ट्राच्या दृष्टीने आज निकडीचे झाले आहे. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने खासगी एफएम कंपन्यांना आपल्या देशभरच्या केंद्रांना एकच कार्यक्रम पुरवण्याची मुभा दिली. एका कंपनीला देशातील पंधरा टक्क्यांहून अधिक वाहिन्या घेता येत नसत, ही मर्यादा २०२२ साली उठवली गेली. एका शहरात चाळीस टक्क्यांची मर्यादा आहे, हे बंधन स्वागतार्ह असले तरी कार्यक्रम कोठे तयार होतो याविषयी ते काही सांगत नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत खासगी वाहिन्या बदलत गेले तरी बहुतेकांवर तीच हिंदी चित्रपटगीते लागतात, आणि मराठी गाण्याला तेथे पाहुण्याइतकाही मान मिळत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. भरीस भर म्हणजे खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवण्यापलीकडे तिला जाता येत नाही. तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देण्याची परवानगी तिला द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली. गावची बातमी देण्याचा हक्क नसलेले आणि गावात कार्यक्रम करण्याचे बंधन नसलेले केंद्र केवळ गाण्यांचे यंत्र होईल नाहीतर दुसरे काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. त्या शहरांत लातूर, चंद्रपूर, मालेगाव, नंदुरबार, गोंदिया, यवतमाळ ही आपली शहरे आहेत. मंजुरीच्या कागदात वार्षिक शुल्क ढोबळ उत्पन्नाच्या चार टक्के असावे हे नमूद आहे. सरकारी तिजोरीच्या हिताची काळजी अशी नेमकेपणाने घेतली गेली. श्रोत्यांच्या हिताची तशीच नेमकी काळजी घेतली जावी ही मागणी अवास्तव नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास याच लातूर जिल्ह्यातील किल्लारीची भूमी हादरली. ती वेळही मिनॉटप्रमाणेच, सारे झोपेत असण्याची होती. अशा जिल्ह्यातील केंद्रात रात्री प्रक्षेपण थांबवून बोलण्याचा अधिकार असलेला एक माणूस जागा असला पाहिजे, दिवसाचे काही ठरावीक तास कार्यक्रम त्याच शहरात, तेथील लोकांच्या भाषेत तयार झाले पाहिजेत, आणि केंद्र दुसऱ्याच्या हाती जाताना किंवा त्याचा कार्यक्रमप्रकार समूळ बदलताना श्रोत्यांना सुनावणी मिळाली पाहिजे. हे परवडत नाही असे जो म्हणेल त्याला माण तालुक्यातील म्हसवडकडे पाहायला सांगावे. तेथे ग्रामीण स्त्रियांच्या आधाराने उभे राहिलेले 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक केंद्र २००८ पासून माणदेशाच्या बोलीत बोलत आले आहे, आणि त्याच्यापाशी कोणत्याही बड्या कंपनीचे भांडवल नाही.

तिसऱ्या टप्प्यातील परवान्याची मुदत पंधरा वर्षांची असते. जी शर्त परवान्यात लिहिली जात नाही ती त्या पंधरा वर्षांत मागून मिळत नाही. तेव्हा या शहरांतील पालिकांनी, ग्रंथालयांनी, पत्रकार संघांनी आणि साहित्य परिषदेच्या शाखांनी लिलाव पुरे होण्यापूर्वी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे या शर्तींची लेखी मागणी नोंदवावी, आणि आपल्या खासदारांना ती संसदेत मांडायला लावावी.